गोडंबीचा लेप आणि आखाजीचा झोका

माझं वजन आबांनी कधी मोठ्यानं सांगितलं नाही. यात विशेष ते काय, असं कुणाला वाटेल. पण माझे आबा शिंदखेड्याच्या बाजारात मापाडी होते आणि दिवसभर वजनं मोठ्यानं सांगणं हाच त्यांचा धंदा होता. गाडी यायची, हमाल पोतं काट्यावर टाकायचे, काटा डुलायला लागायचा. तो पुरता थांबेपर्यंत आबा तोंडातून शब्द काढायचे नाहीत. व्यापारी घाई करो नाहीतर शेतकरी, यांचं आपलं एकच, "काटा थांबू दे." आणि एकदा का काटा थांबला, की जो आवाज लागायचा तो शाळेतून घरी येताना आम्हाला रस्त्यावर ऐकू यायचा. पहिल्या पोत्याला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मोजणी एकानं सुरू करू नये, लाभानं करावी, अशी जुनी रीत. लाभ, दोन, तीन, चार, असं ते गाणं संध्याकाळपर्यंत चालायचं. घरी आले की मात्र घसा बसलेला. घरात आबा बोलले तर आम्हाला नवल वाटायचं.

बाजार बंद असला की मी त्यांच्या मागे लागायची, "आबा, मला काट्यावर घ्या ना." मिरच्यांच्या ठसक्यानं भरलेल्या त्या शेडमध्ये आम्ही दोघंच. मी चपला काढून काट्यावर उभी राहायची, श्वास रोखून, जणू श्वास रोखला की चार शेर कमी भरणार आहे. "किती?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "काटा थांबू दे." मग काटा थांबायचा, आबा वाकायचे आणि माझ्या कानात सांगायचे. शेडमध्ये चिटपाखरू नसायचं, तरी कानातच.

आता हे वजनाचं वेड मला लागलं कसं, तेही सांगते. मी लहानपणापासून अंगानं भरलेली. खाण्यावर वासना दांडगी, आणि आमच्या घरात खायला घालणारी माय. तिच्या चुलीवर कधी वांगी भाजली जात असायची, कधी डुबुकवड्यांचं कालवण रटरटत असायचं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तव्यावरून निघाली की तिच्यावर शेंगदाण्याचं तेल आणि ठेचा, आणि ती भाकरी खाल्ली की दुसरी आपोआप ताटात पडायची. मायचं म्हणणं, ज्या पोरीला भूक लागते ती पोर निरोगी. त्यामुळे जाडेपणाचं मला काही वाटत नव्हतं. खरंच नव्हतं. वाटायला लागलं ते एका आखाजीपासून.

आखाजी म्हणजे पंचांगातली अक्षय्य तृतीया. पण खानदेशात तिला अक्षय्य तृतीया म्हटलं की तिचा निम्मा रंग उतरतो. दिलेल्या लेकी माहेरी येतात. घरोघर खापरावर मांडे भाजले जातात, त्यांच्याबरोबर आमरस. पुरुष झाडाखाली पत्ते कुटत बसतात आणि निंबाला झोके बांधले जातात. त्या दिवशी पोरीला कुणी काम सांगायचं नाही. वर्षातला हा एक दिवस आमचा होता बघा. आमच्या गल्लीचा झोका सुमनकाकींच्या ओट्यासमोरच्या निंबाला असायचा आणि उभ्यानं झोका घेण्यात माझा हात कुणी धरत नसे. चांगला चढला की सुमनकाकींच्या घराच्या धाब्यावरून, म्हणजे मातीच्या सपाट छतावरून, पलीकडे बुराई नदीचं कोरडं पात्र दिसायचं. त्या दिसण्यासाठी मी वर्षभर वाट पाहायची.

त्या वर्षी मी झोक्यावर उभी राहिले, दोन झोके घेतले आणि दोर तुटला. धाडकन खाली. कोपर सोलवटलं, तोंडात माती गेली. अख्खी गल्ली हसत सुटली. आखाजीची गाणी बायका जागच्या जागी जुळवतात; माझ्यावरही तिथल्या तिथं एक जुळलं, "दोर तुटना व माय, निंबनी फांदी वाचनी!" सुमनकाकींनी तर डोळ्याला पदर लावला, इतकं हसू आलं त्यांना. त्या म्हणाल्या, "मापाडीनी पोर शे. क्विंटल भरी!" झालं. त्या दिवसापासून मी क्विंटल. नळावर क्विंटल, शाळेत क्विंटल, पिठाच्या गिरणीत क्विंटल. सगळ्यांबरोबर मीही हसायची आणि घरी येऊन कोठीच्या मागे रडायची. मनाशी ठरवलं, पुढच्या आखाजीपर्यंत बारीक व्हायचं. नाही झाले तर पुन्हा झोक्याला हात लावायचा नाही, कायमचा नाही. हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. पोरीच्या जातीला झोक्यासाठी उपाशी राहायचंय असं सांगितलं असतं तर मायनं लाटणं घेतलं असतं.

मग सुरू झाली माझी तपश्चर्या. रात्रीचं जेवण बंद. सकाळी अर्धी भाकरी आणि ताक. पहाटे उजाडताच बुराईच्या पात्रातून वाळू तुडवत चालायचं, कुणी विचारलं तर शेण वेचायला निघाले म्हणायचं. माय हवालदिल. "हाई काय याड लागनं तुले?" म्हणायची आणि माझ्या ताटात चोरून तूप सोडायची. गणपतीच्या सुमाराला काटा चांगला खाली आला. आबांनी कानात सांगितलं तेव्हा मी त्या मिरच्यांच्या शेडमध्ये उड्या मारल्या. पण दिवाळी आली, करंज्या आल्या, आणि काटा होता तिथं जाऊन बसला. पुन्हा उपास. पुन्हा खाली. मग थंडी पडली, शेतात काट्या पेटवून वांगी भाजायचे दिवस आले. भरीत आणि पुऱ्या, वरून कांद्याची पात. आता भरताच्या पंगतीत बसून ताक पिणारा माणूस खानदेशात अजून जन्मायचाय. काटा परत वर. आबा कानात सांगायचे आणि लगेच म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. मालमा ओल ऱ्हास." मालात ओल असली की वजन वाढतं, हा बाजाराचा नियम त्यांनी माझ्यासाठी वापरला होता. मला तेव्हा त्याचा रागच यायचा.

आता माझी नात जळगावात माझ्याच खोलीत राहून शिकते. तिचा काचेचा काटा माझ्या पलंगाखाली असतो. रोज सकाळी त्यावर चढते आणि त्या आकड्यावर तिचा दिवस ठरतो. कमी भरला की गाणं म्हणत जाते, जास्त भरला की माझ्यावर डाफरते. परवा तोंडाला हिरवट काहीतरी थापून बसली होती. मी विचारलं, यात काय काय घातलंस बाई? तर म्हणाली, "आजी, सगळं नॅचरल आहे. नॅचरलनं काही होत नाही." मी म्हटलं, "बिब्बाही नॅचरलच असतो, बयो." तिला बिब्बा माहीत नव्हता. म्हणून हे लिहायला बसले.

तर वजन उतरतं ते आधी तोंडावरून उतरतं. कमरेवरून उतरायला त्याला सवड नसते. संक्रांतीनंतर माझे गाल बसले, डोळ्यांखाली काळं आलं, कपाळावर पुटकुळ्या उठल्या. जो तो विचारायचा, आजारी होती का गं? एवढा जीव जाळून हे ऐकायचं! मायकडे त्यावर तिचे उपाय होते. डाळीच्या पिठात हळद आणि साय कालवून ती मला ओट्यावर बसवायची आणि खसाखसा चोळायची. केसांना शिकेकाई आणि रिठे. काकडी चिरली की तिची साल माझ्या कपाळावर. बरं वाटायचं त्यानं, पुटकुळ्याही बसायला लागल्या होत्या. पण मायच्या उपायाला वेळ लागतो, आणि आखाजी तर तोंडावर आलेली.

त्यात धुळ्याहून सुनंदा आली. ही माझी मामेबहीण. मासिकं वाचायची, दोन वेण्या पुढं सोडायची, आणि जे सांगायची ते असं सांगायची की खोटं वाटूच नये. तिनं सांगितलं, बदाम दुधात वाटून लावले की आठ दिवसांत चेहरा उजळतो, भरतो, चकाकतो. बदाम! आमच्याकडे बदाम नुसते नावाला माहीत. पण सुनंदाचं बोलणं ऐकता ऐकता माझी नजर अंगणात गेली. तिथं माय गोडंबी काढत होती.

माझी थोरली बहीण, अक्का, जळगावला दिलेली. तिला सातवा महिना होता आणि आखाजीला ती बाळंतपणासाठी येणार होती. तिच्या डिंकाच्या लाडवांसाठी मायनं आठवडी बाजारातून, सातपुड्याच्या पायथ्याकडून येणाऱ्या बाईकडून, बिब्बे घेतले होते. बिब्ब्याच्या आत गोडंबी असते, पांढरी, गोडसर, चवीला बदामाची धाकटी बहीण. पण तिच्याभोवतीच्या टरफलात जे काळं तेल असतं ते अंगाला लागलं की माणूस उततो, अंगावर फोड येतात. माय हाताला कोपरापर्यंत तेल चोळायची, राख घ्यायची, आम्हाला लांब हाकलायची आणि मग दगडावर एकेक बिब्बा फोडायची. काढलेली गोडंबी राखेत घोळून, पुसून, डब्यात. डबा कपाटात, कपाटाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे उन्हानं पेंगुळले होते. फोडायचे राहिलेले बिब्बे सुपात तसेच होते. मी काही वेडी नव्हते. बिब्बा उततो हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून मी मायसारखंच हातांना कोपरापर्यंत तेल चोळलं. राख घेतली. जपून, अगदी जपून बिब्बे फोडले. हाताला एक डाग लागू दिला नाही. त्यातून निघालेली गोडंबी राखेत न घोळता, न पुसता, तशीच पाट्यावर दुधात वाटली, आणि तो लेप तोंडाला फासला. हात वाचवले हो मी! आणि ज्याच्यापासून हात वाचवले ते तोंडाला लावलं. आजही हे आठवलं की मला माझी कीव येते आणि हसूही येतं.

आधी गार वाटलं. छान वाटलं. लेप वाळेपर्यंत मी आरशासमोर बसून झोक्यावर कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवत होते. संध्याकाळी खाज सुटली. रात्रभर आग. सकाळी डोळे उघडले असं मला वाटलं, पण उघडले नव्हते. ते सुजून मिटले होते. ओठ, कान, गाल, सगळं फुगून एक झालं होतं, वर पाणी भरलेले फोड. मायनं बघितलं आणि तिच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. "हाई काय लाई लिधं व माय तोंडले?" मग ती पाट्याकडे गेली, वास घेतला, आणि तिथंच खाली बसली. सुनंदा रडायला लागली. मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

आबांनी बाजारातली हातगाडी आणली, तिच्यावर मला बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पांढरं औषध लावायला दिलं आणि मायला दम भरला, दुसरं काही म्हणता काही लावायचं नाही. माय हो हो म्हणाली. घरी आल्यावर म्हणाली, त्यांनी लावू नको सांगितलंय, खाऊ नको कुठं सांगितलंय? आणि खोबऱ्याची वाटी फोडली. बिब्बा उतला की खोबरं आणि तीळ खायचे, ही आमच्याकडची रीत. भरपूर खायचे. माय माझं डोकं मांडीवर घेऊन खोबऱ्याचे तुकडे तोंडात घालायची, त्यावर तीळगूळ, त्यावर परत खोबरं. "खाय, पोरी, खाय." वर्षभर भाकरी अर्धी करत आणलेली मी, आणि आता तेलानं ओथंबलेलं खोबरं माझ्या घशाखाली उतरत होतं. आणि काय सांगू, ते इतकं गोड लागत होतं! तेवढ्यानंच मला रडू फुटलं.

"माय, नको गं. माझं वजन वाढेल. मला मग झोक्यावर बसता यायचं नाही."

"कोनता झोका?"

मग सगळं बाहेर आलं. दोर तुटला ते, गाणं, क्विंटल, बुराईतलं चालणं, सगळं. मायचं पोट हुंदक्यानं हललेलं माझ्या डोक्याला कळलं. दाराशी कुणीतरी खाकरलं. आबा तिथं उभे होते, किती वेळचे कोण जाणे. आजवर त्यांना वाटत होतं की पोरीला वाढत्या वयाचं काहीतरी खूळ आहे. दोर तुटल्याचं त्यांनी ऐकलंही नव्हतं. झोक्याकडे पुरुष फिरकत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "दोर कोना व्हता?" मी म्हटलं, सुमनकाकींचा. आबा चपला घालून बाहेर पडले.

आखाजीपर्यंत सूज उतरली, डोळे उघडले. पण चेहऱ्याची सालं निघत होती आणि खाली काळपट-गुलाबी डाग पडले होते, उकडलेल्या बटाट्याची साल अर्धी काढून ठेवल्यागत. वर खोबऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं. गेल्या वर्षीचं पोलकं दंडात बसेना. मी जाहीर केलं, मी घराबाहेर पडणार नाही. अक्का आली होती, पोट सांभाळत. तिनं माझ्याकडे पाहिलं, तिला आधी धक्का बसला, मग ती पोट धरून हसली, मग रडली, मग म्हणाली, "मी झोक्यावर बसू शकत नाही, तू बसत नाहीस. मग मी काय नुसते मांडे हाणायला आले का? चल, ओट्यावर तरी बसू." अक्काला नाही म्हणणं कुणाला जमलंय? तोंडावर पदर ओढून मी तिच्यामागे गेले आणि सुमनकाकींच्या ओट्याच्या कोपऱ्यात बसले.

निंबाला अजून झोका नव्हता. बायका दोराची वाट पाहत होत्या. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हातगाडीचा खडखडाट झाला. दोन हमाल गाडी ओढत होते, गाडीवर शिवलेलं पोतं, पोत्यावर नव्याकोऱ्या दोराची चकली, आणि मागे आबा, बाजाराच्या दिवशी घालायचा पांढरा सदरा घालून. बायकांनी भराभर डोक्यावर पदर घेतले. सुमनकाकी म्हणाल्या, "मापाडीभाऊ, तुम्ही आठे? आज?"

आबांनी खिशातून काहीतरी काढलं आणि काकींच्या समोर धरलं. तो गेल्या वर्षीच्या दोराचा तुकडा होता, विहिरीवरच्या मोटेचा जुना नाडा. काकींच्याच गोठ्यात पडून होता, तिथून आबांनी तो शोधून काढला होता. त्यांनी दोन बोटांनी तो नुसता पिळला. आतून काळा भुसा गळाला. उंदरांनी कुरतडलेलं, पाण्यानं कुजलेलं.

"बठ्ठास्नी पोरले देखं," आबा सगळ्यांवरून बोट फिरवत म्हणाले. "दोर कोनी देखा नही."

हमाल निंबावर चढले, नवा दोर फांदीला पक्का बांधला, आणि मग ज्याची कुणी कल्पना केली नव्हती ते केलं. ते शिवलेलं पोतं उचलून झोक्याला बांधलं. आबांनी स्वतः त्याला धक्का दिला. पोतं वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. दोर करकरला, पण फांदी हलली नाही. आबांनी पोतं थांबवलं आणि बाजारातला तो आवाज आमच्या गल्लीत पहिल्यांदा लागला.

"हाई शे क्विंटल! देखी ल्या बठ्ठा. मनी पोर क्विंटल नही."

मागून एक आगाऊ बाई बोललीच, "मंग ती कितीक भरस, भाऊ?"

"ते तिले माहीत शे," आबा म्हणाले.

सुमनकाकी ओट्यावरून उठल्या. मला वाटलं, आता भांडण. पण त्या माझ्याकडे आल्या, माझ्या तोंडावरचा पदर मागे सारला, त्या डागांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "व माय," म्हणाल्या, "आम्ही तर हसतो गं नुसतं." आणि माझा हात धरून त्यांनीच मला उठवलं. क्विंटल हे नाव त्यानंतर गल्लीत कुणी घेतलं नाही. वजन माझं पुढे जन्मभर खाली-वर होतच राहिलं. बाळंतपणात वाढलं, मग चालून चालून उतरलं, पन्नाशीत पुन्हा वाढलं. आजही रोज सकाळी चालते, रात्री थोडं जेवते, आणि भरताच्या पंगतीला कधी नाही म्हणत नाही. तोंडाला डाळीचं पीठ, हळद आणि साय. डाग कधी गेले ते कळलंही नाही. पण हे सगळं पुढचं.

हमालांनी पोतं सोडलं, फळी बसवली. "बस, पोरी," आबा म्हणाले. मी बसले नाही, उभी राहिले. दोर हलत होता आणि माझे पायही. दोन्ही हातांनी दोर घट्ट धरला. नवा दोर तळहाताला टोचत होता. खाली अक्का पोटावर हात ठेवून उभी, माय पदर तोंडात धरून. मी म्हटलं, "आबा, ढकला." तर म्हणाले, "थांबू दे." दोर थांबला. पायही थांबले. मग त्यांनी फळीला हात लावून ढकलली आणि ओरडले, "लाभ!"

झोका परत आला तेव्हा अक्का ओरडली, "दोन!" पुढच्याला सुमनकाकींसकट अख्खी गल्ली ओरडली, "तीन!" आणि त्या तिसऱ्या झोक्याला धाब्याच्या पलीकडे मला बुराईचं पात्र दिसलं, ज्या वाळूतून मी वर्षभर चालले होते ते.